शेवटचा भाग कोणाकडे आहे

मला वाट पाहता येत नाही. जन्मापासून नाही. आई म्हणायची, ही पोरगी गरम भजं तोंडात टाकते आणि मग साऱ्या घरात नाचत फिरते. आता पन्नाशी उलटली, तहसील कार्यालयात फायलींच्या ढिगाआड दिवस जातो, पण स्वभाव तोच. एसटी लागायला उशीर झाला की मी आर्वीच्या स्टँडवर अशा येरझारा घालते की चौकशीच्या खिडकीतला माणूस वैतागून म्हणतो, "मॅडम, बसा ना एका जागी. तुमच्या फिरण्यानं गाडी लवकर येत नाई." अशा बाईने एका पुस्तकाचे पाच तुकडे करून आळीपाळीने वाचणाऱ्या मंडळात शिरावं, हाच मुळात वेडेपणा. पण शिरले.

तुकडे म्हणजे खरेच तुकडे. आमच्या गावात पुस्तकांचं म्हणावं असं दुकान एकच, स्टँडच्या रस्त्यावर. तिथे पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक पात्रता अशा गाइडांच्या थप्प्या पार छताला लागलेल्या. कादंबरी मागितली की दुकानदार आधी डोकं खाजवतो. "मागवून देतो नागपूरवरून. पण एकच प्रत हं. दुसरी कोण घेते?" वाचनालयातही तेच. खुर्च्या-टेबलं सगळी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींनी भरलेली, आणि कथा-कादंबऱ्यांची कपाटं मागच्या भिंतीला चिकटून उभी. नवं पुस्तक आलं तर एक प्रत, आणि ती कोणाच्या घरी गेली की तिथेच मुक्काम ठोकते. यावरून मी ग्रंथपालाशी कडाडून भांडले आहे. तो बिचारा म्हणायचा, "मी काय करू मॅडम, घरी जाऊन हिसकून आणू?" मी म्हणायचे, आण.

मार्ग काढला काकूंनी. काकू माझ्या शेजारच्या, खरं तर साऱ्या गावाच्याच काकू. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, मुलगा पुण्याला, घरात एकट्या. शाळेत होत्या तेव्हा दर उन्हाळ्यात मुलांची फाटकी पुस्तकं दाभणाने शिवून पुढच्या वर्गाला द्यायच्या. एका शनिवारी दुपारी त्यांनी वाचनालयाच्या व्हरांड्यात दुकानातून आलेली कोरी करकरीत कादंबरी मांडीवर घेतली, पाठीचा गोंद ब्लेडने सोडवला, पानांचे पाच गठ्ठे केले, टाके घातले आणि प्रत्येक गठ्ठ्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर शिवलं. ग्रंथपाल दारात उभा राहून नुसता "अहो काकू! अहो काकू!" करत होता.

"ओरडू नको रे," काकू म्हणाल्या. "सगळ्यायचं वाचून झालं का पुन्हा जोडतो, जाड पुठ्ठा लावतो आन् तुह्याच कपाटात ठेवतो. पुस्तक एक, वाचणारे पाच. आता कोणी कोणाची वाट पाहायचं काम नाई."

वाट पाहायचं काम नाही, हे ऐकलं आणि मी मंडळात दाखल झाले. काकू, मी, दुकानदार, ग्रंथपाल आणि पाचवे भाऊ. भाऊ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दर शनिवारी दुपारी आम्ही व्हरांड्यात जमायचो. आत जमायची सोय नव्हती. जरा आवाज झाला की अभ्यासाची पोरं माना वर करून बघायची. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. ज्याचा भाग वाचून झाला त्याने तो आणून ठेवायचा आणि जो मोकळा असेल तो उचलायचा. त्यामुळे कोणी पुस्तकाची सुरुवात मधूनच करायचा, तर कोणी शेवटापासून. भाऊ एकदा भर व्हरांड्यात ओरडले, "अरे, हा मामा तं मेला होता ना! मंग हा जेवून कसा राह्यला?" "भाऊ, तुम्ही चौथा भाग आधी वाचला," दुकानदार म्हणाला, "अजून मरायचा आहे तो." हसून हसून पुरेवाट. आतून कोणीतरी 'शुक' केलं. पण खरं सांगते, बऱ्याच वर्षांनी मला शनिवारची ओढ वाटायला लागली होती.

नियम एकच होता. ज्याने शेवट वाचला नाही त्याला शेवट सांगायचा नाही.

या वेळची कादंबरी दोन बहिणींची. समुद्रकाठचं गाव, धाकटी भांडून घर सोडून गेलेली आणि थोरली बऱ्याच वर्षांनी तिला शोधायला निघते. भाग वाटले त्या शनिवारी मी वर्ध्याला भाचीच्या लग्नाला गेलेली, म्हणून पहिला भाग काकूंनी माझ्या घरी आणून दिला. कोणी कुठून सुरुवात केली ते मला कळलं नाही. मला मात्र नशिबाने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे ओळीने मिळत गेले. चौथ्याच्या शेवटी थोरली एका घरापुढे उभी राहते, कडीला हात लावते, आणि पानं संपतात.

संपतात म्हणजे काय! मी तशीच चपला घालून वाचनालयात गेले. "शेवटचा भाग कोणाकडे आहे?"

"भाऊंकडे," ग्रंथपाल म्हणाला. "आन् भाऊ गेले हिंगणघाटले, मुलीकडं. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. भाग बॅगेतच राह्यला म्हणे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डोळ्याचं ऑपरेशन करायला जाणारा माणूस बरोबर पुस्तक कशाला नेतो? पण करता काय. तणतणत घरी आले तर काकू ओट्यावर बसलेल्या. मी सगळा राग त्यांच्यापुढे ओकला. त्या म्हणाल्या, "मायाही शेवटचाच राह्यला वं. बस तू. दोघी मिळून वाट पाहू."

तेवढ्याने मला बरं वाटलं. मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की आम्ही ओट्यावर बसून त्या दाराच्या आत काय असेल याच्या गप्पा मारायचो. काकू रोज नवा शेवट सांगायच्या. आज धाकटी दार उघडायची, उद्या ते घरच दुसऱ्याचं निघायचं. "धाकटी मरून गेली असन," एकदा म्हणाल्या. "अहो काकू, काल तर तुम्ही तिचं लग्न लावलं होतं!" "काल तसं वाटलं," त्या म्हणाल्या आणि मिस्कील हसल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, काय डोकं आहे या बाईचं या वयात!

त्याच दिवसांत काकूंच्या मुलाचा मला फोन आला. एकदा काकूंकडून गॅस चालू राहिला होता, दुधाचं भांडं जळून कोळसा झालं होतं, आणि ते कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. "मावशी, खरं सांगा, आई विसरते का हो?" मी त्याच्यावरच खेकसले. "गॅस कोणाचा राहत नाही रे? माझी दोन पातेली जळली यंदा. मला ने मग पुण्याला!" तो हळू आवाजात म्हणाला, आईला पुण्याला नेतो, डॉक्टरांना दाखवतो, त्यांनी एकटीला ठेवू नका म्हटलं तर घराला कुलूप लावावं लागेल. पोरगा वाईट नाही. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना.

तो शुक्रवारी रात्री गाडी घेऊन आला. रविवारी सकाळी निघायचं ठरलं. काकूंनी काही कटकट केली नाही, साड्यांच्या घड्या घालत बसल्या. शनिवारी सकाळी मी डबा द्यायला गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तो शेवटचा भाग भेटला असता तं बरं झालं असतं. मन लागून राह्यलं त्यात."

झालं. मी भाऊंच्या मुलीला फोन लावला. "बाबांच्या बॅगेतच आहे, या ना," ती म्हणाली. ऑफिसला सुट्टीच होती. मी पर्स उचलली आणि वर्ध्याची गाडी धरली.

त्या दिवशी साऱ्या जगाने मला उशीर करायचा विडा उचलला होता. वर्ध्याला हिंगणघाटची गाडी डोळ्यांदेखत सुटली. दुसरीत उभं राहायला जागा मिळाली, तीही एका कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. हिंगणघाटला पोहोचते तोच जिनिंगच्या कारखान्यापुढे कापसाच्या गाड्यांची ही मोठी रांग, एसटी जागची हलेना. शेवटी मी कंडक्टरला दार उघडायला लावलं आणि कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत पायीच निघाले. केसांत कापूस, पदराला कापूस. भाऊंच्या मुलीने दार उघडलं आणि आधी माझ्याकडे बघतच राहिली.

भाऊ काळा चष्मा लावून पलंगावर बसलेले. "या मॅडम! चला, पुढं सरका, जागा करा मॅडमले!" निवृत्त झाले तरी तोंडातून ते जात नाही. मुलीने चहा टाकला. मी बसलेच नाही.

"भाऊ, चहा राहू द्या. तो भाग द्या. काकू उद्या पुण्याला चालल्या, त्यांचा शेवट राहिला आहे."

"कोणाचा?"

"काकूंचा."

भाऊंनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "असं कसं मॅडम? त्यायनं तं सगळ्यात पह्यले हाच भाग वाचला. तुम्ही वर्ध्याले गेलत्या, त्या दिवशी त्यायच्या वाट्याले शेवटचाच आलता. त्यायच्याच हातानं मले देल्ला. वरून वाचनालयाच्या पायरीवर मले अख्खा शेवट सांगाले लागल्या! मी दोन्ही कान झाकले. म्हटलं काकू, नियम आहे ना बाप्पा! ऐकतात का त्या. मले पूरा सांगून देल्ला, म्हणून तं मायी वाचाची मजाच गेली. म्हणून राह्यला हा भाग असाच."

मी उभीच होते. ओट्यावरच्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक डोळ्यांपुढे यायला लागल्या. रोजचा नवा शेवट. काल तसं वाटलं.

"तुम्हाले सांगू का काय होते शेवटी?" भाऊ म्हणाले.

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. मग मी चहा घेतला. गार झालेला, घटाघटा. भाऊंनी बॅगेतून चाचपून भाग काढून दिला. कव्हरवर कॅलेंडरातल्या गणपतीची अर्धी सोंड होती.

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली, खिडकीशी. भाग पर्समध्ये होता. वाचायची इच्छाच झाली नाही. मला रडूही येत होतं आणि रागही. राग कोणावर, तेच कळत नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, "काऊन वं बाई, बरं नाई का?" मी म्हटलं, "बरी आहे मी, तुम्ही तुमचं बघा." नंतर वाईट वाटलं, पण तोवर ती पुलगावला उतरून गेली होती.

अंधार पडायच्या सुमारास पोहोचले. मुलगा गाडीत हवा भरायला गेला होता. काकू पलंगावर बसून होत्या, बाजूला बॅगा बांधून तयार. मी भाग त्यांच्या हातात दिला. ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. पण माझा चेहरा म्हणजे उघडं दुकान.

"भाऊनं सांगितलं ना?" काकू म्हणाल्या.

मी मान हलवली.

"बस इथं." त्यांनी माझ्या केसांतला कापूस काढायला सुरुवात केली. "हा भाग म्या वाचला, हे मले आठवते. भाऊले देल्ला, तेही आठवते. पण त्यात काय होतं, त्यातला एक शब्द आठवत नाई. रोज आठवून पाह्यलं. तुह्यासंग बसून इतके शेवट बनवले, का एखादा तरी बरोबर निघन. म्हणून मन लागून राह्यलं होतं. वाचाले नाई पायजे होता मले हा. पाह्याले पायजे होता, का मायं डोकं कितीक गेलं आहे."

"काकू, अहो, पुस्तकाचा शेवट कोणीही विसरतं. मीही विसरते."

"तू नाई विसरत. उगंच बोलू नको." त्यांनी कव्हरावरून हात फिरवला. "आता ऐक. आज मी हा वाचतो. उद्या जाताना तुले देतो, दोरा बांधून. तू उघडजो नको. पुढच्या शनिवारी मी फोन करीन आन् सगळा शेवट सांगीन. मंग तू उघडून पाह्यजो, बरोबर सांगितला का. बरोबर निघाला तं मी पोराले सांगतो, संक्रांतीले मी मायाच घरी येतो, कोणाचं ऐकत नाई. चुकला तं तिकडंच राह्यतो. मंग कोणाले तरास नाई देत."

"हे काय परीक्षेचं खूळ काढलं तुम्ही? डॉक्टर सांगतील ना!"

"डॉक्टर मले ओळखते का? सारा जलम लोकायच्या पोरायची परीक्षा घेतली म्या. एक मायी मले घेऊ दे." मग त्यांनी माझा हात धरला. "पण खरं सांगजो हं. मले खोटा पास नको."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

सकाळी त्यांनी गाडीच्या खिडकीतून भाग दिला. पांढऱ्या दोऱ्याने उभा-आडवा बांधलेला, पक्की गाठ. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी त्यांच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली मुलगा माझ्याकडेच ठेवून गेला होता.

तो आठवडा मी कसा काढला, विचारू नका. ऑफिसात तीन माणसांना चुकीचे दाखले दिले. साहेब म्हणाले, मॅडम, सुट्टी घ्या. घरी आले की भाग कपाटात ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. संध्याकाळी ओट्यावर बसवेना, म्हणून स्टँडपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. दुकानदाराने मला दोनदा विचारलं, "मॅडम, कुठं चालल्या?" मी म्हटलं, "कुठेच नाही."

शनिवारी व्हरांड्यात आम्ही तिघंच. भाऊ अजून हिंगणघाटला. दुकानदार आणि ग्रंथपाल दोघांचाही शेवटचा भाग राहिलेला, आणि तो माझ्या मांडीवर दोऱ्याने बांधलेला. "आता तरी सोडा ना मॅडम," ग्रंथपाल म्हणाला. "मले दुसऱ्या पुस्तकाले सुरुवात करायची आहे." मी त्याच्याशी भांडले. कशावरून ते मलाच आठवत नाही, पण भांडले. आतून 'शुक' आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हाव, मी बोलून राह्यलो," काकूंचा आवाज. खणखणीत, वर्गातला. "ऐक आता. मधात बोलू नको."

आणि त्यांनी सांगितलं. अडखळल्या नाहीत. धाकटी दार उघडते. थोरलीला बघून म्हणते, लय उशीर केला. थोरलीला राग येतो, एवढ्या वर्षांचा सगळा राग, आणि ती हातातली पिशवी अंगणात फेकते. पिशवीतली संत्री घरंगळत रस्त्यापर्यंत जातात. मग दोघी काही न बोलता वाकून संत्री गोळा करतात. गोळा करता करता एकमेकींच्या डोक्याला डोकं लागतं. तिथे संपतं.

मी ऐकत होते. इतकं सुंदर सांगत होत्या की माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी मनात येत होतं, समुद्रकाठच्या गावात संत्री कुठून आली? संत्री तर आपल्याकडची. असतीलही. थोरलीने वाटेत घेतली असतील. नसतीलही.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता उघड. मी फोन धरून आहो. पाह्य आन् सांग."

दुकानदार आणि ग्रंथपाल माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दोऱ्याच्या गाठीवर नख ठेवलं. फोनमध्ये काकूंचा श्वास ऐकू येत होता. त्यांच्यामागे कुठेतरी नातवाचा टीव्ही चालू होता, आणि काकू त्या आवाजात बसून वाट पाहत होत्या.

मी शेजारच्या बाकावरचा पेपर उचलला आणि फोनजवळ नेऊन पानं उलटली. एक, दोन, सावकाश.

"काकू," मी म्हणाले, "बरोबर आहे."

"सगळं?"

"सगळं."

"संत्री आहेत?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "संत्र्याचंच मले भेव होतं."

"आहेत ना. रस्त्यापर्यंत गेलेली."

मग त्या म्हणाल्या, "अवं माय," आणि हसत की रडत, कोणाला तरी हाक मारायला लागल्या, "अरे, इकडं ये, संक्रांतीचं तिकीट काढ मायं, ऐकून राह्यला का!"

ग्रंथपालाने भागासाठी हात पुढे केला. मी भाग तसाच बांधलेला पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि म्हणाले, "हा मिळणार नाही. दुसरी प्रत मागवा."